शबानाचा सी-थ्री आणि माझा

आमच्या ओळखीपाळखीत अजूनही नासिरलाच बोल लावतात. ‘दुकानाच्या नादात बायकोचं मूत्रपिंड घालवलं,’ असं म्हणतात. त्याच्या सासरची माणसं म्हणतात, मस्कतच्या आमच्या मंडळातली माणसं म्हणतात, आणि मध्यंतरी माझी बायकोही म्हणत होती. मी शेजारी बसून ऐकायचो. चहा प्यायचो. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मला स्वतःला ल्युपस आहे. नुकतंच ज्यांचं निदान झालं आहे त्यांना यातून काही उपयोगी सापडलं तर बरंच आहे. पण लिहिण्याचं कारण नासिर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

बायकांचा आजार

मी मस्कतजवळ रुसैलला पाइपच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. माझ्या वयाची माणसं केव्हाच गावी परतली. मी निघायची गोष्ट काढली की अर्बाब, म्हणजे आमचा मालक, म्हणतो, ‘डोळे चालतात ना? मग बस इथेच.’ डोळे चालत होते, बोटं चालेनात. सकाळी मापाचा व्हर्नियर हातात धरवेना. मग ताप येऊ लागला, दीर्घ श्वास घेतला की छातीत सुई टोचल्यासारखं होई. हृदय तपासून झालं, फुप्फुसं झाली, सगळ्यांनी वयाकडे बोट दाखवलं. शेवटी मस्कतच्या एका खासगी रुग्णालयात सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टर ओमानी बाई. आमच्याशी हिंदी बोलायच्या, आणि माझ्यापेक्षा चांगलं. रक्ताचे कागद उलटेपालटे करून म्हणाल्या, ‘बाबा, ये ज़्यादा औरतों को होता है. लेकिन मर्दों को भी होता है.’ मग रक्तदाबाची कोणती गोळी घेता, ते विचारलं. उतारवयात काही गोळ्यांनीही असंच दुखणं उभं राहतं, गोळी बंद केली की जातं. तेवढ्या आशेवर आम्ही घरी आलो. गोळी बदलली, पुन्हा रक्त दिलं, पुन्हा गेलो. खलास. गोळीचा दोष नव्हता, ल्युपसच होता.

‘बरा होतो ना हो?’ वासंतीने, माझ्या बायकोने, विचारलं.

‘ठीक नहीं, काबू में रहता है, इन्शाल्ला,’ डॉक्टर म्हणाल्या.

टॅक्सीत वासंती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘अहो, निदान बायकांचं दुखणं काय असतं ते तरी आता कळेल तुम्हाला.’ आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला मात्र तिच्या रडण्याने बरं वाटलं. इतक्या वर्षांत ती माझ्यासाठी अशी रडली नव्हती.

वर हवा तो आणि खाली हवा तो

या आजारात आपलं रक्षण करणारं रक्त आपल्यावरच उठतं. ते किती उठलंय, हे काही आकड्यांवरून कळतं. डॉक्टरांनी मला कागदावर दोन बाण काढून दाखवले. सी-थ्री आणि सी-फोर ही रक्तातली प्रथिनं. भांडण पेटलं की ती खर्च होतात, म्हणून आकडा पडतो. डीएस-डीएनए नावाची चाचणी उलटी; भांडण पेटलं की तो आकडा चढतो. म्हणजे पहिला वर हवा, दुसरा खाली हवा.

आयुष्य गेजच्या काट्याकडे बघण्यात गेलेल्या माणसाला याहून सोपं काय हवं? दुखणं मोजता येतं म्हटल्यावर अर्धी भीती गेली. डॉक्टर पुढे म्हणाल्या होत्या, ‘मैं अकेला नंबर नहीं देखती, बाबा. नंबर, पेशाब और आप. तीनों साथ में.’ हे वाक्य मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. तेव्हा मी फक्त ‘नंबर’ एवढंच घरी घेऊन आलो.

मी नियम पाळले. मीठ सोडलं. उन्हाचं कडक पथ्य, म्हणून अंगणातल्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायलाही लांब बाह्यांचा सदरा घालून जायचो. स्टेरॉइडने भूक खवळायची, तोंड सुजून लाडूसारखं गोल झालं, हात थरथरायचे. आणि सी-थ्री? पडलेला तो पडलेलाच. थोडा उठायचा, पुन्हा बसायचा.

मागची सीट

तपासणीच्या दिवशी पुरुषांच्या बाकावर मी एकटाच असायचो. पलीकडे बायकांची रांग. तिथे एक दिवस वासंतीला कोणाच्या तरी फोनवरच्या बोलण्यात आपली भाषा ऐकू आली. ‘मना कय ठाव नाय, डॉक्टरीणबाय सांगंल तवा,’ असं कोणी म्हणत होतं. वासंती उठून गेली ती परत आलीच नाही.

ती शबाना. मंडणगडकडची, तिशीही न गाठलेली. नवरा नासिर निझव्याला घरगुती सामानाचं दुकान चालवतो. पडदे, थर्मास, धुपाटणी, काचसामान. शबानाला माझाच आजार, माझ्याच डॉक्टर. निझव्याहून मस्कतला जाणारा रस्ता आमच्या रुसैलवरून जातो. नासिर म्हणाला, ‘काका, टॅक्सीला कशाला पैसे घालता? मी येतोच आहे, तुम्हाला उचलतो.’

तेव्हापासून आम्ही चौघं एका गाडीने जाऊ लागलो. मी पुढे, नासिरच्या शेजारी. मागे वासंती आणि शबाना. खिडकीला शबानाने उन्हासाठी काळी ओढणी चिमट्यांनी अडकवलेली. मागे सतत कुजबुज आणि हसणं. शबाना सांदणं आणायची, वासंती तिला बिनमिठाच्या आंबोळ्या. आधी या आंबोळ्या फक्त माझ्यासाठी व्हायच्या.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आमच्या घरात आजारी माणूस मी होतो. बायको माझी बोटं शेकायची, माझ्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ होत्या. ते सगळं माझं होतं. आता घरी गोळ्या देता देता ती म्हणे, ‘शबानाला ही गोळी सोसत नाही हो, मळमळतं बिचारीला.’ मलाही मळमळत होतं. मी आधीपासून सांगत होतो.

पुढच्या आरशात मला मागचं दिसायचं. शबाना झोपली की वासंती तिचं डोकं खांद्यावर घ्यायची. मी नासिरशी रस्त्याबद्दल बोलत राहायचो.

‘काका, बघा’

परदेशात कोणाला इंग्रजी कागद आला की तो ओळखीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याकडे जातो. व्हिसाचा असो, कोर्टाचा असो की रक्ताचा. आमच्यातला तो वडीलधारा मी. नासिर उर्दू शाळेत शिकलेला, दुकानापुरतं इंग्रजी त्याला येतं. शबानाचा रिपोर्ट त्याच्या मोबाइलवर आला की तो तसाच माझ्याकडे यायचा. खाली दोनच शब्द, ‘काका, बघा.’

मी बघायचो. आधी माझा रिपोर्ट उघडायचो, मग तिचा. शबानाचा सी-थ्री चढत होता. प्रत्येक खेपेला थोडा थोडा, शहाण्या मुलासारखा. डीएस-डीएनए उतरत होता. ही पोरगी पापड खाते, उन्हात कपडे वाळत घालते, गोळी विसरते, वासंतीनेच सांगितलेलं. आणि तिचं रक्त सुधारतंय.

गाडीत थट्टा व्हायची.

‘काका, तुमचा किती आला?’ शबाना मागून विचारायची.

‘आहे, ठीक आहे.’

‘सांगत नाहीत म्हणजे काकांचा भाव पडला,’ नासिर म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

‘अगं, त्यांना विचारू नकोस,’ वासंती म्हणायची. ‘शाळेत शेजारच्या मुलीला जास्त मार्क पडले की रडणारं मूल असतं ना, तसं झालंय.’

मीही हसायचो. वासंती थट्टेत बोलली तेच खरं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं. शबानाचा रिपोर्ट चांगला आला की माझा दिवस खराब जायचा. एकदा तिचा आकडा किंचित घसरला. त्या दिवशी मी घरी येताना बायकोसाठी हलवा घेतला. ‘काय विशेष?’ तिने विचारलं. मी म्हटलं, सहजच.

तपासणीला जाणाऱ्या सर्वांना सांगतो, दुसऱ्याच्या रिपोर्टशी आपला ताडून बघू नका. आजाराचं नाव एक असतं, शरीरं एक नसतात. पण मला हे कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं, असं वाटत नाही.

न आलेला नमुना

रमजानच्या आधीची तपासणी. माझं रक्त आधीच तपासून झालं होतं; सी-थ्री पुन्हा पडला, डॉक्टरांनी स्टेरॉइड वाढवलं. त्या दिवशी परतताना आरशात मी पाहिलं, शबानाने पायमोजा खाली करून वासंतीला घोटा दाखवला. मोज्याचा वळ कातडीत खोल रुतलेला होता. वासंतीने बोटाने दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

घरी आल्यावर वासंती स्वयंपाकघरातून बोलली, ‘अहो, पोरीचे पाय सुजतात. नासिरला तिने सांगितलंय, पण तो म्हणतो चालल्याने होतं. आणि लघवीला फेस येतो म्हणे, साबणाच्या पाण्यासारखा. ते नवऱ्यालाही सांगायला लाजते. डॉक्टरांनी आज विचारलं तर “सगळं ठीक” म्हणाली वेडी. तुम्ही घाला त्याच्या कानावर. तुमचं ऐकतो.’

‘सांगतो,’ मी म्हटलं.

काही दिवसांनी रिपोर्ट आला. ‘काका, बघा.’ सी-थ्री निरोगी माणसाचा असावा तसा. डीएस-डीएनए जवळजवळ नाहीच. मी माझा रिपोर्ट पुन्हा उघडून ताडून बघितला. आणि अगदी तळाशी, लघवीच्या तपासणीपुढे लिहिलं होतं की नमुना मिळाला नाही. कारणही मला माहीत होतं. तिची पाळी चालू होती, म्हणून सिस्टरने नमुना घेतला नव्हता, नंतर आणून द्यायला सांगितलं होतं. वासंतीने तेही बोलता बोलता सांगितलं होतं.

रमजान निम्मा सरला तेव्हा नासिरचा फोन आला. मागे गिऱ्हाइकांचा गलबला.

‘काका, ही पाय दुखतात म्हणते, दम लागतो म्हणते. घेऊन येऊ का मस्कतला? दुकानात ईदचा बाजार आहे, माणूस नाही माझ्याकडे. पण तुम्ही म्हणाल तर शटर ओढतो.’

तुम्ही म्हणाल तर. एवढं त्याने माझ्यावर टाकलं होतं.

मी म्हटलं, ‘नासिर, तिचे आकडे बघितलेस? असे आकडे असलेली माणसं आजारी नसतात. आजारी बघायचं असेल तर माझे बघ.’

‘म्हणजे काळजी नाही?’

‘ईद होऊ दे. मग बघू.’

‘बरं झालं काका, तुम्ही आहात,’ तो म्हणाला.

फेसाचं मी बोललो नाही. नमुन्याचं बोललो नाही. विसरलो नव्हतो. तिला माझ्याहून जास्त आजारी ठरवणारं काहीही माझ्या तोंडून निघायला तयार नव्हतं.

कारखान्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. मोजमाप झालं नाही म्हणजे माल पास झाला असं नाही. प्रेशरची चाचणी राहून गेली म्हणून मी एकदा ट्रकवर चढवून बांधलेले पाइप उतरवायला लावले होते, अर्बाब ओरडत असताना. पाइपांसाठी मी भांडलो होतो.

खून अच्छा था

ईदनंतर नासिरने शबानाला आणलं तेव्हा तिचे डोळे सुजून बारीक झाले होते आणि तिला आडवं झोपता येत नव्हतं. लगेच दाखल केलं. मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं, ‘खून अच्छा था. किडनी अच्छी नहीं थी. ऐसा होता है इस बीमारी में.’ मग नासिरकडे वळून विचारलं, ‘पेशाब देने को बोला था. इतने दिन क्यों नहीं लाए?’

नासिरने मान खाली घातली. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘दुकान था, डॉक्टर,’ एवढंच म्हणाला.

मला वाटलं होतं तो माझं नाव घेईल. नाव घेण्याची मी वाटही बघत होतो, म्हणजे मला नाकारता आलं असतं. त्याने घेतलं नाही, आणि मला त्याचाही हेवा वाटला. हा माझ्याहून निम्म्या वयाचा माणूस असं गप्प राहू शकतो, आणि मी ज्या कारणाने गप्प होतो ते असलं.

वासंती त्याला बोलली. ‘पडदे विकत बसलास, नासिर! सोन्यासारखी पोर!’ ती दिवसभर शबानाच्या उशाशी बसायची, मी घरी गार भात खायचो. मंडळातल्या बायका डबे घेऊन यायच्या आणि दाराबाहेर नासिरबद्दल बोलायच्या. नासिर लिफ्टपाशी उभा असायचा. सिस्टर एकदा मला म्हणाली, ‘अंकल, आप बहुत अच्छे हैं, रोज़ आते हैं.’

गावाहून शबानाचा भाऊ आला. बहिणीला तिच्या कागदांसकट परत न्यायला तो आला होता. ‘आता ही इथे राहणार नाही,’ त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. ‘तिला सांभाळणारा माणूस आम्ही दुसरा बघू.’ त्याने तिकीटही काढलं.

दुपारी रुग्णालयाच्या कँटीनमध्ये आम्ही बसलो होतो. तो, नासिर, मी आणि वासंती. समोर करक चहाचे कागदी पेले. भाऊ बोलत होता आणि नासिर टेबलावरची साखर बोटाने गोळा करत होता.

मी म्हटलं, ‘नासिरने मला विचारलं होतं.’

‘काय?’

‘घेऊन येऊ का, म्हणून. शटर ओढायला तयार होता. मीच म्हटलं नको. फेस येतो हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. नमुना राहिलाय हे मी वाचलं होतं, त्याने नाही.’

‘तुम्ही डॉक्टर आहात?’

‘नाही.’

‘मग का सांगितलंत?’

मी उत्तर जुळवत होतो. पण जुळवलेलं सगळं खोटं वाटत होतं. ‘तिचा आकडा चढला होता,’ मी म्हणालो, ‘माझा पडला होता. मला बघवलं नाही.’

वासंतीने माझ्याकडे वळून पाहिलं. ‘फेसाचं मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही “सांगतो” म्हणालात.’

‘हो.’

‘नाही सांगितलंत?’

‘नाही.’

ती उठली आणि शबानाच्या खोलीकडे निघून गेली. तिचा पेला तसाच राहिला.

भाऊ म्हणाला, ‘म्हातारबाबा, नवरा तुम्ही की हा? जबाबदारी कोणाची?’ तो पुढेही तेच धरून बसला, आणि गावी जाऊन त्याने तेच सांगितलं. म्हणूनच कँटीनमध्ये एकदा बोलून माझं काम झालं नाही.

नासिर शेवटी बोलला. ‘काका, माझ्यावर उपकार केलेत असं समजू नका. फोन मी केला होता. मला जे ऐकायचं होतं तेच तुम्ही सांगितलंत, म्हणून मी ऐकलं.’ मग बोटावरची साखर झटकून, ‘पण फेसाचं सांगायला हवं होतं.’

शबाना गेली नाही. खोलीत भावाला तिने एकदाच सांगितलं, ‘हितली डॉक्टर मना वळखते. आणि ह्यो माझा माणूस हाय.’ तिकीट वाया गेलं.

टॅक्सी

पुढच्या तपासण्यांना गाडी रुसैलला थांबली नाही. आम्ही टॅक्सीने जायचो. वासंती माझ्या शेजारी बसायची आणि आपल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायची. गोळ्या वेळेवर हातात यायच्या, बोटंही शेकली जायची. बोलणं मात्र मोजकं. एकदा म्हणाली, ‘मी काय तिच्याशी लग्न करणार होते का हो? एक पोर आजारी होती. तुम्हाला तेवढंही जड गेलं?’ मी भाड्याचे पैसे मोजत राहिलो. खरं उत्तर ‘हो’ होतं.

मंडळाच्या एका बैठकीत नासिरचा विषय निघाला तेव्हा मी उभा राहून कँटीनमध्ये सांगितलेलं सगळं सांगितलं. काहींना ते माझ्या वयाचं हळवेपण वाटलं. ‘तुम्ही कशाला स्वतःवर घेता?’ म्हणाले. घेतलेलं नाही, माझंच आहे. शंका असेल त्यांनी हे पुन्हा वाचावं.

शबानाच्या मूत्रपिंडाचा काही भाग गेला तो गेला. उरलेला सांभाळून आहे. औषधं कडक आहेत, केस गळाले, पुन्हा येताहेत. हे सगळं मला वासंतीकडून कळायचं, तेही विचारल्यावर.

परवा माझ्या मोबाइलवर रिपोर्ट आला. नासिरकडून नाही, शबानाच्या स्वतःच्या नंबरवरून. खाली दोन शब्द, ‘काका, बगा.’

मी उघडला. सी-थ्री माझ्याहून वर. तो जुना हेवा आलाच. खोटं कशाला बोलू? मग खाली सरकलो. या वेळी नमुना दिलेला होता. लघवीतली प्रथिनं उतरली होती. मी फोन लावला.

‘शबाना, आधी पायमोजा काढ. वळ उठलाय का?’

‘उठलाय.’

‘दाब बोटाने. खळगा राहतो?’

‘नाय. भरला लगेच.’

‘फेस?’

‘नाय काका. काकीला रोज सांगते मी, तुमाला नाय सांगत ती?’ मग तिने विचारलं, ‘आणि तुमचा किती आला?’

मी आकडा सांगितला. खरा सांगितला, पहिल्यांदाच.

ती म्हणाली, ‘मंगळवारी तपासणीला जाताना ह्ये गाडी थांबवतील रुसैलला. काकीला तुमच्यासंगं मागं बसवा. मी बसते पुढं.’